दाखवायचा ब्रश

मित्रांनो, माझ्या दांड्यावरचं सोनेरी नाव केव्हाच पुसलं गेलं आहे, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी चेहऱ्याला पावडर लावायचा एक जुना ब्रश आहे. दांडा काळ्या लाकडाचा, मान तांब्याच्या रंगाच्या पत्र्याची आणि वर केसांचा गोल, गुबगुबीत झुबका. हे केस कुठल्या प्राण्याचे नाहीत, बारीक कृत्रिम धाग्यांचे आहेत. तरी हात लावणाऱ्याला मांजराच्या पिल्लाची आठवण होते, असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडे, जिथे घरोघरी ब्रश बांधले जातात अशा एका गावात झाला. एका बाईने माझे केस छोट्या काट्यावर तोलले, लाकडी पेल्यात घालून ठोकले आणि हलक्या हाताने गोल आकार दिला. तिने एकाही केसाचं टोक कात्रीने कापलं नाही. "टोक कापलं की ब्रश टोचतो," असं ती शेजारणीला समजावत होती. तिचं नाव मला ठाऊक नाही. पण माझ्या अंगी जो काही मऊपणा आहे, तो तिचा आहे.

आम्हा आठ भावंडांना एका डबीत भरलं गेलं. कोणी गालांसाठी, कोणी पापण्यांसाठी, कोणी भुवयांसाठी. डबीला आतून जांभळं मखमली कापड होतं आणि बाहेर किमतीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीनेच पुढे आमचा घात केला.

आमचा खोका उतरला तो रत्नागिरीला, आप्पांच्या कटलरीच्या दुकानात. टिकल्या, बांगड्या, रिबिनी, मण्यांच्या माळा, रेशमी दोरे, सेफ्टी पिना आणि पावडरचे डबे, हे सगळं आप्पा चाळीस वर्षं विकत होते. आम्हाला मागवलं होतं त्यांच्या सुनेने, वेदिकाने. तिचा नवरा सुजय बोटीवर असे आणि ती सासऱ्यांबरोबर दुकान सांभाळी. गावात आता मुली मोबाईलवर बघून मेकअप शिकतात, त्यांना चांगले ब्रश हवे असतात, असं तिचं म्हणणं होतं. आप्पांनी मला चिमटीत धरून उलटंपालटं केलं, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "वेदिका, ही खारीची शेपटी या भावात कोण घेणार?"

"हात लावून बघतील, मग घेतील," वेदिका म्हणाली.

लोकांना हात लावता यावा म्हणून तिने एक डबी फोडली आणि मला तबकात काउंटरवर ठेवलं. त्या दिवसापासून मी दाखवायचा ब्रश झालो. माझी भावंडं काचेमागे मखमलीत आणि मी उघड्यावर.

स्तुती मला फार मिळाली, मित्रांनो. कॉलेजच्या मुली मला मनगटावर फिरवत आणि "अय्या, काय मऊ आहे!" म्हणत. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पाहुण्यांची गाडी थांबली की चार-पाच बायका मला आळीपाळीने हातात घेत. पण प्रत्येकीची नजर शेवटी चिठ्ठीकडे जाई आणि मग मला तव्यावरच्या भाकरीसारखं पटकन खाली ठेवलं जाई. गणपती गेले, दिवाळी गेली. ब्यूटी पार्लरवाल्या एका बाईने दोन डब्या नेल्या, तेवढंच. मळक्या बोटांनी मी काळवंडत होतो. दर शनिवारी दुपारी वेदिका मला लहान बाळांच्या शाम्पूने धुई, फडक्यात दाबून काढी आणि टेबलाच्या कडेवर आडवा ठेवी. पुढे पुढे ती एवढंच करी. तबक हळूहळू टिकल्यांच्या पाकिटांमागे सरकलं आणि माझ्याकडे कोणी बघेनासं झालं.

माघ महिन्यातल्या एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी उतरली. पांढऱ्या काठीने पायरी चाचपून ती आत आली आणि काठीची घडी करून तिने ती काखेत धरली. ती ज्ञानेश्वरी. मूळची समुद्राकाठच्या नाटे गावची, नोकरीसाठी रत्नागिरीत खोली घेऊन राहणारी. पतसंस्थेत ती संगणकावर काम करी. तो संगणक पडद्यावरचं तिला वाचून दाखवी, कारण जन्मापासून तिला दिसत नव्हतं.

"चेहऱ्याला पावडर लावायचा ब्रश हवाय," ती म्हणाली. "चांगला दाखवा."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि खालच्या खणातून एक साधा पफ काढला. "हा घे बाळा. स्वस्तात काम होईल. तुला कशाला महागातला? तुला कुठे..."

"कुठे दिसणार आहे, असंच ना?" ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पफ तिने काउंटरवरून अलगद मागे सरकवला. "मला नाही दिसत, काका. पण तोंड माझं आहे आणि बाकी सगळ्या गावाला दिसतं."

आप्पा ओशाळले. वेदिका आतून धावत आली. तिने तिला स्टूल दिलं आणि टिकल्यांची पाकिटं बाजूला सारून तबक पुढे ओढलं. कितीतरी दिवसांनी मी उजेडात आलो.

बसल्यावर ज्ञानेश्वरीने सगळं सांगितलं. गेल्या वर्षी मामेभावाच्या लग्नात घरच्या बायकांनी तिला पुढ्यात बसवून कोणी पावडर, कोणी लाली फासली होती. ती तशीच दिवसभर मांडवात फिरली. दुसऱ्या दिवशी फोटो बघताना लहान मुलं फिदीफिदी हसली, तेव्हा तिला कळलं. "आता वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, सानवीचं लग्न आहे," ती म्हणाली. "या वेळी माझ्या तोंडाला दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही."

मग तिने मला हातात घेतलं. आजवर शेकडो हात माझ्यावरून फिरले होते, पण असा हात मला माहीत नव्हता. तिने आधी दांडा तोलला, मग मान चाचपली, मग तर्जनीच्या टोकाने माझ्या केसांची टोकं एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत तपासली.

"याची टोकं कापलेली नाहीत," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला जन्म देणारी ती बाई डोळ्यांसमोर आली. तिचं काम इतक्या लांब कोणीतरी ओळखलं होतं.

वेदिकाने काचेमागची एक कोरी डबीही पुढे ठेवली. ज्ञानेश्वरीने त्यातले ब्रश एकेक करून पाहिले आणि पावडरच्या ब्रशापाशी थांबली. "याची मान हलते." आप्पांनी चष्मा लावून पाहिलं, हलवून पाहिलं. खरंच हलत होती. एवढे महिने डबी काचेत होती आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मला हाच द्या," तिने मला उचललं.

"अगं, तो दाखवायचा आहे," वेदिका म्हणाली.

"किती जणांनी हाताळलाय?"

"अर्ध्या रत्नागिरीने," आप्पा प्रामाणिकपणे म्हणाले.

"पण दर शनिवारी धुतलाय मी," वेदिकाने घाईघाईने सांगितलं.

ज्ञानेश्वरीने माझा वास घेतला आणि हसली. "तेच तर. नवा ब्रश सगळेच मऊ म्हणतात. धुतल्यावर त्याचं काय होतं, ते कोणाला माहीत? हा इतका धुऊनसुद्धा असा आहे." मग गंभीर चेहरा करून म्हणाली, "दाखवायचा आहे म्हटल्यावर किंमत मात्र कमी करा हं."

आप्पांनी मुकाट्याने कमी केली. कोणालाही त्यांनी इतक्या सहज भाव उतरवून दिलेला मी पाहिला नव्हता. मी माझ्या सात भावंडांसह कापडी गुंडाळीत शिरलो.

ब्रश मिळाला, पण चालवायचा कसा, हा पुढचा प्रश्न होता. वेदिका म्हणाली, रविवारी दुकान बंद असतं, सकाळी ये. पहिल्याच रविवारी दोघी अडल्या.

"थोडीशी पावडर घ्यायची," वेदिकाने सांगितलं.

"थोडीशी म्हणजे किती?"

इतकी वर्षं वेदिका आरशात बघून लावत आली होती, हात आपोआप चाले. शेवटी तिने ओढणी स्वतःच्याच डोळ्यांवर बांधली आणि मला हातात घेतलं. चुकत चुकत, पुन्हा पुन्हा करत तिला मोजमाप सापडलं. डबीत दोन वळसे. मनगटावर एक टिचकी, म्हणजे जास्तीची पावडर झडते. मग कपाळावर तीन हात, गालांवर दोन-दोन, नाकावर एक, हनुवटीवर एक. लालीचा रंग कोणता, ते वेदिकाने ठरवलं. ती किती लावायची, ते ज्ञानेश्वरीने.

सरावासाठी दुसरा चेहरा हवा होता. आप्पा स्वतःहून स्टुलावर येऊन बसले. "माझ्याकडे कोण बघतंय आता," ते म्हणाले. पफच्या दिवसाची सल त्यांच्या मनातून गेली नव्हती, हे मला कळत होतं. ज्ञानेश्वरीने त्यांचे दोन्ही गाल असे गुलाबी केले की वेदिकाला हसू आवरेना. पुढे गंमत अशी झाली की आप्पा तोंड पुसायला विसरले आणि पिशवी घेऊन तसेच बाजारात गेले. मासेवाल्या मैनाने सुरमई तोलता तोलता विचारलं, "आप्पा, आज कोणाचं लगीन?"

आमच्या गुंडाळीतला कोणता ब्रश कुठला, हे चाचपडत शोधण्यात वेळ जातो, हेही आप्पांच्याच लक्षात आलं. त्यांनी दुकानातला रेशमी दोरा काढला. माझ्या दांड्यावर एक वेढा घट्ट बांधला, गालाच्या ब्रशावर दोन, पापण्यांच्या ब्रशावर तीन. गाठींवर डिंकाचा थेंब सोडला. ज्ञानेश्वरीने बोटांनी वेढे मोजले. त्यानंतर ती त्यांना काका न म्हणता 'आप्पा' म्हणू लागली, घरच्यासारखं.

वैशाखात आम्ही एसटीने नाटे गावी गेलो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. मांडव पडला होता. ज्ञानेश्वरीची आई लग्नघरातल्या आईसारखी सगळीकडे एकाच वेळी होती. तिला लेकीचा बेत पसंत नव्हता. "चारचौघांत काही चुकलं तर लोक तुलाच हसतील गो," ती म्हणाली. "आत्या आहे ना, ती करून देईल."

"नको आई. मी करणार."

आईचा जीव टांगणीला लागला.

लग्नाच्या आदल्या दुपारी हळद होती. ज्ञानेश्वरी मांडवात पाहुण्यांत बसली होती. एवढ्यात खोलीत कोणीतरी हळूच आलं, कापडाची गुंडाळी उघडली आणि मला काढलं. ती दमयंती आत्या होती. तिने मला पदराखाली लपवून सानवीच्या खोलीत नेलं आणि, मित्रांनो, हळदीच्या वाटीत बुडवलं! नवरीच्या हातांना, गळ्याला, पावलांना माझ्याकडून हळद लावून घेतली. मग बादलीत मला दोनदा बुचकळलं, झटकलं आणि परत गुंडाळीत ठेवून दिलं. वरून मी ओला आणि आतून हळदीने गच्च. रात्रभरात सुकून एका बाजूने कडक झालो.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त अकरा चाळीसचा. शेजारच्या खोलीत पार्लरवाली सानवीला सजवत होती. ज्ञानेश्वरी साडी नेसून खिडकीपाशी बसली, गुंडाळी उघडली आणि वेढा चाचपून मला उचललं. डबीत दोन वळसे दिले. मला ओरडावंसं वाटत होतं. मी पिवळा आहे, मला थांबव! ज्या हसण्याच्या भीतीने तिने मला विकत घेतलं, तेच हसं माझ्याच अंगातून तिच्या कपाळावर उतरणार होतं. पण ब्रशाला तोंड नसतं.

तिने मला मनगटावर टिचकीसारखं आपटलं. आणि ती थांबली.

रोजचा मऊ आवाज आला नव्हता. तिने माझ्या केसांवरून बोट फिरवलं, मला नाकाशी नेलं आणि हाक मारली, "आई!"

आई आली. मागोमाग आत्याही आली आणि दारातच उभी राहिली. मला बघून आईने कपाळावर हात मारला. "अगो, हा तर पिवळाधमक! लावला असतास म्हणजे?" ती म्हणाली. "म्हणून सांगत होते. वऱ्हाड दारात आलंय. हट्ट पुरे झाला, बस इथे. आत्या, या हो पटकन."

आत्या जागची हलली नाही.

ज्ञानेश्वरीच्या मुठीत मी होतो. ती मूठ घट्ट झाली, मग थोडी सैल झाली. बाहेर सनई वाजत होती. मला वाटलं, आता ती मला खाली ठेवणार आणि गेल्या वर्षीसारखं तोंड पुढे करणार.

"आई," ती हळू म्हणाली, "तोंडाला लागायच्या आधी मी हळद ओळखली ना?"

आईने निरखून पाहिलं. लेकीचं कपाळ स्वच्छ होतं. एक ठिपकासुद्धा नव्हता. ती गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या गुंडाळीतली शाम्पूची पुडी तिनेच फोडली. "कसा धुवायचा हा?" एवढंच तिने विचारलं आणि ज्ञानेश्वरीने सांगितल्याप्रमाणे, केस खाली धरून, पाणी नितळ येईपर्यंत मला धुतलं. मग खिडकीच्या कठड्यावर आडवं ठेवलं.

माझ्यासारखा दाट ब्रश सुकायला अर्धा दिवस तरी लागतो. ज्ञानेश्वरीने थांबायचं नाही, असं ठरवलं. आईने डबीतली वरची पिवळी पावडर पुसून टाकली आणि ज्ञानेश्वरीने दोन वेढ्यांचा ब्रश काढला. तो लहान, म्हणून कपाळाला तीनच्या जागी सहा हात दिले. मग तोच फडक्यावर पुसून लाली घेतली. आई समोर उभी राहून एकेक हात बघत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "उजव्या गालाला थोडं कमी आहे."

"किती?"

आईने जवळ येऊन पाहिलं. "एक हात."

ज्ञानेश्वरीने एक हात दिला. आईने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि "चल," म्हणून तिला मांडवात घेऊन गेली.

ज्या दिवसासाठी मला विकत घेतलं, त्या दिवशी मी खिडकीत वाळत होतो. मंगलाष्टकं मी तिथूनच ऐकली. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण समुद्राचा वारा अंगातून जात होता आणि मांडवातून ज्ञानेश्वरीचं खळखळून हसणं ऐकू येत होतं. तिच्याकडे बघून कोणी हसत नव्हतं, ती स्वतः हसत होती. मग मलाही बरं वाटलं.

पंगती उठल्यावर दुपार कलताना ज्ञानेश्वरी खोलीत विसावली होती, तेव्हा दमयंती आत्या आली. साडीचा पदर बोटाला गुंडाळत ती शेजारी बसली.

"ज्ञानू, मीच नेला होता तो," ती म्हणाली. "सानवीला हळद लावायला. काजू सोलून सोलून माझे हात बघ कसे झालेत. पोरीला टोचलं असतं. हा इतका मऊ लागला की मोह आवरला नाय. दोनदा धुतला गो, मला वाटलं निघाली हळद."

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"लाज वाटली." आत्याने डोळ्यांना पदर लावला. "गेल्या वर्षी तुला लाली लावली होती ना, ती पण मीच. मला वाटलेलं, पोर छान दिसेल. पण मला कोणी कधी शिकवलं नाय. उभ्या जन्मात माझ्या तोंडाला डब्यातली पावडर सोडून काय लागलं नाय."

वर्षभराचा राग असा एका वाक्याने जात नाही. ज्ञानेश्वरीने कठड्यावर हात फिरवला, मला शोधलं, तळव्यावर घासून पाहिलं. मी जेमतेम सुकलो होतो.

"सरक अशी, उजेडाकडे तोंड कर," ती म्हणाली. "आणि हलायचं नाही."

दोन वळसे, एक टिचकी, कपाळावर तीन हात. साठीच्या त्या चेहऱ्यावरून मी फिरलो. उन्हाने रापलेली, खरखरीत कातडी होती. आत्याने डोळे घट्ट मिटले होते आणि ती लहान मुलीसारखी म्हणत होती, "गुदगुल्या होतात गो!"

त्याला आता तीन वर्षं झाली. मी रत्नागिरीला ज्ञानेश्वरीच्या खोलीत असतो. पतसंस्थेत जायच्या आधी रोज सकाळी माझं काम असतं. माझे बरेच केस गळले आहेत. ज्ञानेश्वरीने वेदिकाच्या दुकानातून नवी डबी घेऊन ठेवली आहे, पण अजून उघडलेली नाही. उघडेल तेव्हा उघडेल. मी भरून पावलो आहे.

जाण्याआधी एवढं मागतो, मित्रांनो. ब्रश वापरलात तर आठवड्याला धुवा, उभा नको, आडवा सुकवा आणि कोणाचा घेतलात तर विचारून घ्या. या गोष्टी सोप्या आहेत, विसरलात तरी आमचं फार नुकसान होत नाही, फार तर चार केस जातात. पण तुमच्यापुढे कोणी येऊन चांगली वस्तू मागितली, तर त्याला ती कशाला हवी, हे तुम्ही ठरवू नका. ती त्याच्या हातात द्या आणि थोडा वेळ थांबा.